कमानीतला जादा पाटा

अन्याय माझ्या आईवर झाला. मी अकरावीची परीक्षा देऊन घरी बसले होते त्या वर्षी, रामनवमीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. वेळ एवढी नेमकी सांगते, कारण चर्चची सातची घंटा नुकतीच वाजली होती, शेजारची माणसं कपडे करून मिस्साला निघाली होती, आणि तेव्हाच आमच्या विहिरीवरची मोटर सुरू झाली. रविवारी. आईच्या वाट्याचं पाणी एका गाडीवरच्या टाकीत भरलं गेलं आणि मनवेलपाड्याच्या वाटेला लागलं. नेणारा माझा सख्खा काका होता. गाडी मी दुरुस्त केलेली होती.

गेली तीन वर्षं मी टँकरविरुद्ध पत्रकं लिहिते. ती छापून आणते, बाजारात वाटते, कोणी चुरगळून टाकलं तर उचलून दुसऱ्याच्या हातात देते. त्या पत्रकांत ठेकेदार आहेत, कचेरीतले साहेब आहेत, गप्प बसलेले पुढारी आहेत. गाडी कोणी दुरुस्त केली ते एकाही पत्रकात नाही. ते इथे लिहिते.

आमची वाडी निर्मळच्या अलीकडे, समुद्रापासून जवळ. विहीर एक, घरं दोन. आजोबांनी वाटण्या केल्या तेव्हा झाडं मोजून वाटली, जमीन दोरी धरून वाटली. विहीर वाटता येईना, म्हणून वार वाटले. सोमवार, बुधवार, शुक्रवार माझ्या वडिलांचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार काकाचे. रविवार कोणाचाच नाही. रविवारी विहीर राखायची, उपसायची नाही.

ही आजोबांची कल्पना नव्हती, आधीपासूनच चालत आलेलं होतं. आमच्या पाखाडीत, म्हणजे वस्तीत, निम्मी घरं ख्रिस्ती. रविवारी ती मिस्साला जातात, वाडीत काम करत नाहीत, मोटर लावत नाहीत. मग आम्ही हिंदूंनीही लावायची नाही. जमिनीखालचं पाणी एकच आहे, शेजाऱ्याने राखलेलं आपण उपसलं तर ती चोरी, एवढी समज सगळ्यांना होती. रहाटाच्या काळात होती आणि विजेच्या मोटरी आल्यावरही टिकली. सोमवारी सकाळी पाणी खालून तिसऱ्या पायरीपर्यंत चढलेलं असायचं. आई सगळ्यात आधी तिथे जाऊन पाय बुडवायची. घोट्याच्या वर पाणी आलं की म्हणायची, "आहे." एवढंच.

हे कुठल्याही कागदावर नव्हतं. आमच्या लोकांची चूक म्हणाल तर हीच. जमिनीचे कागद, घराचे कागद, सगळं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं, आणि ज्याच्यावर सगळं उभं होतं ते मात्र तोंडी ठेवलं.

वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्यांच्या मागे राहिली आई, मी, मोगऱ्याचा एक तुकडा, केळी, पालेभाजीचे वाफे आणि चिंचेखाली उभी असलेली एक गाडी. महायुद्धातली अमेरिकन पिकअप. पुढे दोन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा. लष्कराने भंगारात काढलेली ती कुठून कुठून फिरत वडिलांच्या हाती आली होती. ते तिच्यातून फुलं आणि केळी स्टेशनवर नेत. ते गेल्यावर ती हलली नाही. सहा वर्षांत बॉनेटवर दुधीचा वेल चढला, सीटमध्ये कोंबड्या अंडी घालू लागल्या, आणि आईने हौद्यात शेणखत साठवलं.

आई टोपल्या डोक्यावर घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जायची आणि बसला हात करायची. कंडक्टर टोपल्या बघायचा आणि दोनदा घंटी मारायचा. बस पुढे. दुसरी बस येईपर्यंत मोगरा उमलून जायचा, आणि उमललेला मोगरा गजरेवाला घेत नाही. दहावीच्या परीक्षेआधीच्या महिन्यांत मी तिच्याबरोबर जायचे. एकदा बस गेल्यावर ती टोपलीपाशी बसली आणि उमललेली फुलं एकेक करून रस्त्याच्या कडेला टाकू लागली. रागाने नाही, शेंगा सोलाव्यात तशी. त्या दिवशी घरी येऊन मी गाडीवरचा वेल कापला.

"दुधी लागले होते त्याला," आई म्हणाली.

"गाडी चालू करणार आहे."

"आधी शिलाई मशीन चालू कर. दोरा अडकलाय त्यात चार महिने."

दहावीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात मी सुरुवात केली. शेणखत काढलं, कोंबड्या हाकलल्या. वडिलांच्या पान्यांची पिशवी माळ्यावर होती, ती उतरवली. काय खोलायचं ते कळत नव्हतं, म्हणून जे हाताला लागलं ते खोललं आणि क्रमाने परातीत मांडलं. आई परात शोधत आली आणि भाकरीचं पीठ ताटात मळायला गेली.

काकाला हे सगळं करमणुकीचं वाटायचं. तो विडी ओढत चिंचेखाली यायचा. "वहिनी, आपल्याकडे आता पोरी हँडल मारणार. मुलांनी काय करायचं, भाकऱ्या भाजायच्या?"

"भाजू देत," आई म्हणायची. "जमल्या तर."

गोखिवऱ्याला पत्र्याच्या शेडमध्ये एक मिस्त्री होता. मिठागराच्या बाजूच्या गावचा, म्हातारा, कायम खाली बघून बोलणारा. लष्करी भंगारातल्या गाड्या त्याच्या हाताखालून गेल्या होत्या, असं वडील सांगायचे. मी कार्बोरेटर सायकलच्या टोपलीत ठेवला, लोकांनी विचारू नये म्हणून वर अळूची पानं पसरली आणि त्याच्याकडे गेले.

"अळू?" तो म्हणाला. "मी भाजी नाय घेत."

"खाली बघा."

त्याने पानं बाजूला केली. "कुनाच्या गाडीचं काढलंस?"

"आमच्याच."

"घरात माहीत आहे?"

"आईला आहे."

"मग बस. हात नको धुऊस, आता घान होनारच आहेत."

त्याने मला शिकवलं असं म्हणता येणार नाही. त्याने मला बघू दिलं, आणि मी चुकले की हसला. घरी जाऊन ते करायचं, अडलं की तो भाग सायकलवर घालून परत यायचं. इंजिन जाम झालं होतं. त्याने सांगितलं, सहाही प्लग काढ, भोकांतून तेल आणि घासलेट सोड आणि रोज संध्याकाळी हँडल मारून इंजिन फिरतं का बघ, जोर लावू नको. मी रोज सोडायचे, रोज बघायचे. हँडल भिंतीत खिळा ठोकल्यासारखं. आई म्हणाली, त्या लोखंडाला पाजलंस तेवढं तेल स्वतःच्या डोक्याला लावलं असतंस तर केस तरी वाढले असते. नवव्या संध्याकाळी हँडल दोन बोटं सरकलं. मी ते तसंच धरून उभी राहिले. सोडलं तर परत अडकेल असं वाटत होतं.

पाऊस सुरू झाला तेव्हा वर ताडपत्री बांधली. कॉलेज सुरू झालं तरी दुपारनंतर मी गाडीखालीच. रेडिएटर गळायचा. मिस्त्री म्हणाला, "हळद टाक."

"थट्टा करताय."

"पान्यात हळद टाक मूठभर, बारीक भोकं बुजतात. देवाला नाय, रेडिएटरला."

मी आईच्या डब्यातली हळद टाकली आणि गळती खरंच थांबली. त्यानंतर आईने हळदीचा डबा माझ्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवला. मडगार्डला भोकं पडली होती, तिथे पत्रा जोडला, रंगाआधीची लांबी भरली, पॉलिश पेपरने घासली. घासून घासून माझ्या बोटांवरच्या रेषा गेल्या. रंग वडिलांचाच, केळीच्या पानाचा हिरवा. रंगारी म्हणाला, पुढे काय लिहू, सगळे 'आईचा आशीर्वाद' लिहितात.

"मी कसला आशीर्वाद दिलाय," आई म्हणाली. "मी शिव्या दिल्यात. शिव्या लिहा."

पुढची पाटी कोरी राहिली.

आता पाट्याबद्दल. गाडीच्या मागच्या चाकांवर कमानी असतात. पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेल्या, त्यांना पाटे म्हणतात. जितके पाटे जास्त, तितकं ओझं गाडी पेलते. आमच्या गाडीचे दोन पाटे तुटलेले होते. मिस्त्रीने भंगारातून शोधून ते बदलले. त्याच ढिगाऱ्यात मला एका मोठ्या लॉरीचे जाड पाटे दिसले. मी म्हटलं, हेही घालू, दोन्ही बाजूंना एकेक.

"कशाला? केळी तर न्यायची तुला."

"सगळ्या पाखाडीची केळी एका फेरीत नेता येतील."

"रिकामी असली की उडेल गाडी. आईची हाडं मोडतील."

"घाला."

त्याने घातले. कापून, भोकं पाडून, माझ्या हट्टासाठी. मला तेव्हा सगळ्यांची केळी न्यायची होती हे खरं आहे. आणि काकाच्या मुलाला, जो मला 'मेकॅनिकबाई' म्हणायचा, दाखवायचं होतं की माझी गाडी बाजारातल्या टेंपोपेक्षा जास्त उचलते, हेही खरं आहे. दुसरं कारण मोठं होतं.

दिवाळीच्या आठवडाभर आधी गाडी रस्त्यावर आली. मी सोळा वर्षांची, मला लायसन्स मिळणार नव्हतं. काकाच्या त्याच मुलाकडे ते होतं, म्हणून चालवायला तो. आई पुढे बसली. मी मागे हौद्यात शेवंती आणि झेंडूच्या टोपल्या धरून. मोठ्या रस्त्यावर बसथांब्याजवळ आई म्हणाली, "थांबव जरा." त्याने थांबवली. ती खिडकीतून थांब्याकडे बघत राहिली. तिथे दोन बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. "या," आई त्यांना म्हणाली. त्या चढल्या. पुढे गाडी खड्ड्यात गेली आणि आम्ही सगळ्याच वर उडालो.

"नेतेस की उडवतेस गं?" त्यातली एक मला म्हणाली. फुलं तिच्या केसात पडली होती.

ते पाच महिने होते. पाच महिने फुलं वेळेत स्टेशनवर पोहोचली, आणि मोगऱ्याचा हंगाम लागल्यावर मोगराही कळीतच. आई रोज सकाळी गाडीचं दार पुसायची, फक्त तिच्या बाजूचं. मिस्त्री दोनदा म्हणाला, ते जादा पाटे काढून टाकू, बायांचे हाल होतात. मी म्हटलं, केळीचा हंगाम येऊ दे.

मार्चमध्ये काका एका माणसाला घेऊन आला. मनवेलपाड्याच्या बाजूला चाळी आणि इमारती उठत होत्या, त्यांना पाणी पुरवणाऱ्या ठेकेदाराचा तो माणूस. तिकडे नळ नाही, खोदलं तर खडक. त्याने बॉनेट उघडलं नाही, रंग बघितला नाही. तो मागच्या चाकाजवळ उकिडवा बसला आणि बोट लावून पाटे मोजू लागला.

"हे जाड कुठले?"

मी तिथेच उभी होते. सांगितलं, "ते मी घातलेत. लॉरीचे आहेत."

"शाबास," तो म्हणाला. मग काकाकडे वळून, "ही ओढेल."

मला शाबासकी आवडली. लिहायला लाज वाटते, पण आवडली. गाडीबद्दल अनोळखी माणसाने मला शाबास म्हटलं ते पहिल्यांदाच.

गाडीचे कागद वडील गेल्यावर काकाने स्वतःच्या नावावर करून घेतले होते. ठाण्याला खेटे कोण घालणार, बाईमाणूस कुठे जाणार, असं म्हणून. आईने जिथे दाखवलं तिथे सही केली होती. घरातले सगळे कागद त्याच्याच पेटीत असायचे आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. रामनवमी झाली आणि काकाने नेलेली गाडी मंगळवारी गोखिवऱ्याहून परत आली ती हौद्यात लोखंडी टाकी घेऊन. टाकीवर पांढऱ्या अक्षरांत: पिण्याचे पाणी.

त्या मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी मोटर सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चालली. "त्याचा वार आहे," आई एवढंच म्हणाली. तिची फुलं पुन्हा डोक्यावरून बसथांब्याला गेली. बुधवारी आणि शुक्रवारी तिने विहिरीत पाहिलं, पाणी बरंच खाली होतं. तिने वाफ्यांना निम्मंच पाणी दिलं. मला म्हणाली, रविवारी भरेल.

आणि रविवारी सात वाजून दहा मिनिटांनी मोटर लागली.

आई हातातलं पीठ न झटकता बाहेर गेली. काका विहिरीच्या काठावर उभा, नळी टाकीत सोडलेली.

"भावोजी, आज रविवार आहे."

"माहीत आहे, वहिनी."

"रविवार कोणाचा नाही."

"कोणाचा नाही म्हणजे दोघांचा. निम्मा माझा. दुपारी बारापर्यंत घेतो, मग बंद."

"तो विहिरीचा आहे."

काका हसला. वाईट हसला नाही. लहान मुलाला समजवावं तसा. "विहिरीला काय करायचाय? ती काय मिस्साला जाते?"

"हे पाणी वाडीबाहेर चाललंय. बाबांनी वाडीसाठी वाटलं होतं."

"बाबांनी वार वाटले. पाण्याचं काय करायचं ते नाही सांगितलं. कागद दाखवा, बंद करतो."

कागद नव्हता. आई परत आली आणि भाकऱ्या थापायला बसली. "रविवार मोडला," ती म्हणाली. घरात कोणी गेल्यावर शेजारणीला जसं सांगतात, तशा आवाजात.

सोमवारी ती पाय बुडवायला पायऱ्या उतरली. तिसऱ्या पायरीवर ओल नव्हती. ती आणखी उतरली. तळाशी गाळ होता आणि गाळात एक बेडूक. काकाने आमच्या सोमवारला हात लावला नव्हता. त्या बाबतीत तो फार चोख होता.

मंगळवारी सकाळी काका अंघोळीला गेला तेव्हा मी डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून आतला रोटर काढला. अंगठ्याएवढा काळा तुकडा असतो. तो नसला की हँडल मारून खांदा निखळला तरी इंजिन पेटत नाही. मी तो अळूच्या वाफ्यात पुरला. गाडी दोन दिवस उभी राहिली. काकाच्या मुलाने प्लग पुसले, बॅटरी बदलली, शिव्या दिल्या. विहिरीचं पाणी चढू लागलं. गुरुवारी काकाने मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्रीने सरळ झाकण उघडलं. आत पाहिलं. मग माझ्याकडे. मी त्याच्याच नजरेला नजर लावून उभी होते, तो माझी बाजू घेईल याची मला खात्री होती. त्याने खिशातून चिंधी काढली, चिंधीतून एक जुना रोटर काढला आणि बसवला. येतानाच घेऊन आला होता. न बघताच त्याला कळलं होतं.

गाडी चालू झाली. मी त्याच्या सायकलमागे रस्त्यापर्यंत गेले.

"तुम्हाला माहीत होतं."

"तुला मीच शिकवलं, बाय. मला नाय माहीत होनार?"

"मग का बसवलात?"

त्याने सायकल थांबवली. "माझ्या गावात गोडं पानी कधी होतं? आमच्या बाया दोन मैल चालून तुमच्या पाखाडीत यायच्या, हंडा घेऊन. तुमची आजी एक हंडा द्यायची. दुसरा मागितला तर म्हनायची, आज आमचा वार नाय." तो पहिल्यांदाच वर बघून बोलत होता. "आता टँकर येतो आमच्याकडेपन. तुझा काका वाईट असेल. पानी वाईट नाय."

मी तिथूनच मागे फिरले. याचं पूर्ण उत्तर मी आजही शोधते आहे. मी त्याच्या शेडमध्ये परत गेले नाही, तो वारला तेव्हाही नाही. त्यात माझा ताठा होता. सभेत लोक विचारतात, तुम्ही वाडीवाले सुखी, आम्ही काय दगड प्यायचे? तेव्हा मला त्याचा चेहरा दिसतो आणि मी ठरवलेलं भाषण विसरते.

पण पुढे काय झालं ते त्याने सांगितलं नव्हतं, कारण ते त्यालाही माहीत नव्हतं. आमची मोटर रविवारी वाजते हे मिस्साला जाता-येता सगळ्या पाखाडीने ऐकलं. पहिल्या रविवारी शेजारचे एक आजोबा कुंपणाशी येऊन काकाला म्हणाले, "अरे, आज तरी." काका म्हणाला, बारा वाजता बंद करतो. दुसऱ्या रविवारी ते आले नाहीत. तिसऱ्या रविवारी त्यांच्याच वाडीतली मोटर लागली. आपण राखायचं आणि याने न्यायचं, हे किती दिवस चालणार, असं त्यांच्या सुनेने आईला सांगितलं. तिचं चुकलं असं आई म्हणाली नाही. त्यानंतर एक एक वाडी. पाऊस पडायच्या आत पाखाडीतला रविवार संपला. कोणी ठराव केला नाही, कोणी भांडलं नाही. माणसं मिस्सा आटोपून घरी यायची आणि चांगले कपडे बदलायच्या आधी मोटर लावायची. आणि टँकरही वाढले. ज्यांच्या विहिरी होत्या त्यांनी वार विकले, माझ्या काकाचं बघून.

दुसऱ्या उन्हाळ्यात डाळ शिजेना. आईला वाटलं डाळ जुनी आहे. तिने नवी आणली, तीही तासभर रटरटून टणक. मग मोगऱ्याच्या पानांच्या कडा तांबड्या पडल्या, विस्तवाजवळ धरल्यासारख्या. आईने विहिरीचं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडात घोळवलं आणि थुंकलं.

"समुद्र आला," ती म्हणाली.

समुद्र तिथेच होता, पूर्वीपासून. गोड्या पाण्याने त्याला दाबून धरलं होतं. ते गोडं पाणी आम्ही टाक्यांत भरून पाठवलं.

खारं पाणी इमारतीच्या बांधकामालाही चालत नाही, पिण्याला तर नाहीच. ठेकेदाराने काकाची विहीर सोडली आणि आणखी वर, अजून गोड असलेल्या विहिरीकडे गेला. टाकी काढून नेली. गाडी परत चिंचेखाली आली. गळणाऱ्या टाकीच्या खाऱ्या पाण्याने हौद्याचा पत्रा चाळणी झाला होता. मी लांबी भरून घासलेला मडगार्ड हाताने दाबला तर बोट आत गेलं. पाटे मात्र शाबूत होते. लॉरीचं पोलाद, ते कुठे जातंय.

काकाच्या केळीही गेल्या, हे सांगायला हवं. तो आता पायरीवर बसून असतो. मागच्या पावसाळ्यात आई विहिरीवर कपडे धुवायला गेली तर तो म्हणाला, "वहिनी, आज गुरुवार. आमचा वार आहे." खाऱ्या पाण्याचा वार. आईने बादली उचलली आणि परत आली. ती आता गोखिवऱ्याला एका कारखान्यात डब्यांना रबरी झाकणं लावते. तिच्या केसांना मोगऱ्याचा वास यायचा, आता रबराचा येतो. माझ्यावर ती एकदाही चिडली नाही. एकदा फक्त म्हणाली, "तू ती गाडी फार चांगली केली होतीस गं." याहून कडक शिक्षा मला कोणी दिलेली नाही.

आता तुमच्याकडे येते. तुम्ही, जे स्टेशनच्या पूर्वेला, मनवेलपाड्याच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर राहता आणि हे वाचत असताना टाकीत पाणी पडल्याचा आवाज ऐकताय. तहानलेले राहा असं मी म्हणणार नाही. ते म्हणायचा अधिकार माझ्या आजीनेच घालवला. नळ तुमचा हक्क आहे, आणि त्यासाठी कचेरीच्या पायऱ्यांवर बसायला मी तुमच्या आधी येईन. पण तो येईपर्यंत एक दिवस परत द्या. सहा दिवस घ्या, सातवा विहिरीला द्या. शनिवारी दोन बादल्या जास्त भरून ठेवा. येत्या रविवारी सकाळी टँकर तुमच्या फाटकात आला की खाली उतरा, ड्रायव्हरला विचारा कुठल्या विहिरीचं पाणी आहे, आणि तो काहीही सांगो, नळी आत घेऊ नका. टँकर भरलेलाच परत पाठवा.